येरवड्याचे कारागृहवाङ्मय : निर्माता आणि काळ

पुणे शहराच्या ईशान्येस, मुळा-मुठा नदीच्या उत्तर तीरावरील येरवडा येथील मध्यवर्ती कारागृहात व त्याच्या परिसरातील स्थानबद्धतेत लिहिलेले, आरंभिलेले किंवा त्या बंदिवासातून स्फुरलेले लेखन. हे कारागृह १८७१ मध्ये उभारण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारताच्या स्वातंत्र्यापर्यंत तेथे अनेक राजकीय बंदी ठेवण्यात आले आणि त्यांतील काहींच्या हातून असे लेखन झाले, की ज्याने पुढील पिढ्यांची भूतकाळाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. लोकमान्य टिळकांचे आर्यांच्या मूलस्थानाविषयीचे संशोधन, दामोदर चापेकरांचे आत्मवृत्त, महात्मा गांधींचा दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास व ‘मंगल प्रभात’ ही पत्रमाला, महादेवभाई देसाई यांची दैनंदिनी हे या वाङ्मयाचे प्रमुख भाग होत. यांपैकी बरेचसे लेखन मराठीत झालेले नाही. टिळकांचा ग्रंथ इंग्रजीत आहे, गांधींचे व महादेवभाईंचे लेखन मुख्यतः गुजरातीत आहे. तथापि त्याची जन्मभूमी महाराष्ट्र असून मराठी विचारविश्वावर त्याचा ठसा खोल उमटलेला आहे.

बंदिवासातील ग्रंथरचना ही जगाच्या वाङ्मयात जुनी गोष्ट आहे. रोमन तत्त्वज्ञ बोईथिअस याने सहाव्या शतकात देहदंडाची वाट पाहत असताना तत्त्वज्ञानाच्या सांत्वनपर ग्रंथाची रचना केली. इटालियन विचारवंत आंतोन्यो ग्राम्शी याने फॅसिस्ट राजवटीच्या तुरुंगात १९२९ ते १९३५ या काळात वह्यांमागून वह्या भरल्या. महाराष्ट्राशी संबंधित उदाहरणे याहून जवळची आहेत. टिळकांचे ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात लिहिले गेले, विनोबांची गीताप्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली व ती साने गुरुजींनी उतरून घेतली, गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून झाली आणि जवाहरलाल नेहरूंचा भारताच्या शोधाचा ग्रंथ अहमदनगरच्या किल्ल्यात १९४४ मध्ये सिद्ध झाला. या सर्वांत एक गोष्ट समान आढळते. बाहेरच्या जगात ग्रंथकाराला साधनांची निवड करता येते, त्यामुळे त्याच्या कृतीत परिस्थिती किती व तो स्वतः किती हे वेगळे काढणे अवघड असते. तुरुंगात साधने दुसरा कोणी ठरवितो. कागद मोजून मिळतो, दिवा ठराविक वेळच जळतो, ग्रंथ अधिकाऱ्याच्या अनुमतीने येतात. अशा अवस्थेत माणूस काय लिहावयास घेतो, काय गाळतो आणि कोणत्या काळाकडे मन वळवितो, यांवरून त्याच्या स्वभावाचे जितके स्पष्ट चित्र मिळते, तितके ते त्याच्या मोकळेपणी केलेल्या लेखनातून क्वचितच मिळते. येरवड्याचे वैशिष्ट्य असे, की तेथील दोन प्रमुख लेखकांनी, टिळकांनी आणि गांधींनी, याच कारागृहात असताना काळाचाच प्रश्न हाती घेतला आणि त्याची उत्तरे परस्परविरुद्ध दिशांना शोधली.

पुण्याचा प्लेग-अधिकारी रँड याच्यावर २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभानंतर, गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडण्यात आली. त्यानंतर ‘केसरी’तील लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला व १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. मुंबईच्या तुरुंगांतून त्यांना पुढे येरवड्यास हलविण्यात आले. तत्पूर्वी १८९३ मध्ये त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. वसंतसंपात मृगशीर्ष नक्षत्रात असल्याच्या वैदिक खुणांवरून त्यांनी वेदांचा काल ख्रिस्तपूर्व चार हजार वर्षे व त्याही मागे नेला होता. जर्मन पंडित हेर्मान याकोबी यानेही स्वतंत्रपणे, ज्योतिषाच्याच आधारे, जवळपास तोच निष्कर्ष काढला होता. ऋग्वेदाचा काल ख्रिस्तपूर्व १२००–१००० च्या सुमारास मानणाऱ्या माक्स म्युलरला हे मत मान्य नव्हते. परंतु मतभेद असूनही त्याने आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत कैदेतील टिळकांकडे पाठविली आणि त्यांच्या सुटकेसाठी इंग्लंडमध्ये खटपट केली. सरकारने टिळकांना ही व इतर काही पुस्तके वापरण्याची आणि रात्री काही तास दिव्याची अनुज्ञा दिली. पुढे ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) या ग्रंथात ज्या ऋचांचा आधार त्यांनी घेतला, त्यांतील काही याच सवडीत टिपून ठेवलेल्या होत्या, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे.

या ग्रंथाची मांडणी थोडक्यात अशी : ऋग्वेदात उषेचा उल्लेख पुष्कळदा अनेकवचनी येतो. सूर्योदयापूर्वी अनेक दिवस उषा फाकत राहते, दीर्घ रात्रीचा अंत व्हावा म्हणून ऋषी प्रार्थना करतात, गवामयन हे सत्र दहा महिन्यांचे सांगितले आहे आणि वृत्राने कोंडलेल्या जलांची व प्रकाशाची इंद्र मुक्तता करतो. ही वर्णने भारताच्या अक्षांशांवर नीट जुळत नाहीत. ध्रुवप्रदेशातील सहा महिन्यांचा दिवस व सहा महिन्यांची रात्र गृहीत धरली, तर ती शब्दशः खरी ठरतात. त्यावरून, हिमयुगाच्या अखेरीपूर्वी आर्यांचे पूर्वज उत्तर ध्रुवाजवळ राहत असत व बर्फाने तो प्रदेश व्यापल्यावर ते दक्षिणेस आले, असे टिळकांनी प्रतिपादिले. मानवाचे आद्यस्थान ध्रुवावर असावे ही कल्पना अमेरिकन लेखक विल्यम वॉरन याने १८८५ मध्ये मांडली होती. टिळकांचे वेगळेपण असे, की त्यांनी वेदमंत्र हा भूशास्त्रीय काळाचा साक्षीदार म्हणून उभा केला.

६ सप्टेंबर १८९८ रोजी टिळकांची मुदतीपूर्वी सुटका झाली. त्यानंतर माक्स म्युलरला धाडलेल्या पहिल्याच पत्रात त्यांनी आभारांबरोबर आपल्या नव्या उपपत्तीचा सारांश कळविला. ऋचांचा तसा अर्थ लावता येईल, पण भूशास्त्राच्या प्रस्थापित निष्कर्षांशी तो विसंगत दिसतो, असे म्युलरचे उत्तर आले. ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वी, १९०० मध्ये, म्युलर मरण पावला व दोघांची प्रत्यक्ष चर्चा राहून गेली. त्याचा अभिप्राय काळाने खरा ठरविला असेच म्हणावे लागते. भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि अलीकडची जनुकशास्त्रीय संशोधने यांपैकी कशानेही ध्रुवीय मूलस्थानाला पुष्टी मिळालेली नाही. आज या विषयाचे अभ्यासक इंडो-युरोपीय भाषांच्या मूळ प्रदेशाचा शोध बहुधा काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांत घेतात.

शास्त्रीय सिद्धांत म्हणून ग्रंथ टिकला नाही, तरी त्याच्या कर्त्याचे चित्र म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. टिळक गणिताचे व कायद्याचे अभ्यासक होते. प्रतिपक्षाची साक्ष उलटतपासून तिच्यातील विसंगतीवर बोट ठेवावे, तशी त्यांची ऋचांकडे पाहण्याची पद्धत आहे. ‘हे काव्य आहे’ असे म्हणून विसंगती झाकणे त्यांच्या बुद्धीला मानवत नव्हते. दीर्घ रात्र आणि लांबलेली उषा यांविषयीच्या ऋचा मोजक्या दिव्याच्या उजेडात निवडल्या गेल्या, हा योग मात्र अर्थपूर्ण वाटला, तरी त्यावर सिद्धांत उभारू नये; कारण ‘ओरायन’ची दिशा तुरुंगापूर्वीच ठरलेली होती. अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पारतंत्र्यातील समाजाला त्याचा इतिहास परकीयांनी आखून दिलेल्या मर्यादेत सांगितला जात असताना, त्या समाजाचा एक पुढारी कैदेच्या कोठडीत बसून तो इतिहास दहा हजार वर्षांच्या पलीकडे ढकलीत होता. शिक्षेचे अठरा महिने आणि संशोधनाची सहस्रके यांतील हे अंतर मराठी सुशिक्षितांच्या मनाला भिडले. प्राचीनत्व हेच श्रेष्ठत्व, ही पुढे अनेकांनी अतिरेकाला नेलेली धारणाही याच प्रभावाखाली वाढली, हे नाकारता येत नाही. स्वतः टिळकांनी आपला निष्कर्ष परिस्थितिजन्य पुराव्यावर आधारलेला संभाव्य सिद्धांत म्हणून मांडला होता. अनुयायांनी तो श्रद्धेचा विषय केला.

याच वेळी येरवड्याच्या तुरुंगात रँडच्या वधाबद्दल फाशीची शिक्षा झालेले दामोदर हरी चापेकर होते. टिळकांनी आपल्याजवळची गीतेची प्रत त्यांना दिली आणि ती हाती घेऊनच १८ एप्रिल १८९८ रोजी ते फाशी गेले, असे सांगतात. दामोदरांनी कैदेत आपले आत्मवृत्त लिहून काढले. त्याचे इंग्रजी भाषांतर मुंबई शासनाने १९५८ मध्ये स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथांत प्रसिद्ध केले व नंतर मूळ मराठी वृत्तही प्रकाशात आले. कीर्तनकार घराण्यात वाढलेल्या, व्यायामाचे व शस्त्रांचे वेड असलेल्या, सुधारकांविषयी तीव्र द्वेष बाळगणाऱ्या या तरुणाने स्वतःला कोठेही सौम्य केलेले नाही. त्यामुळे हे लेखन वाचताना वाचकाला आदर आणि अस्वस्थता एकाच वेळी जाणवते. मृत्यूची तारीख समोर असलेल्या लेखकाला भविष्यकाळ उरलेला नसतो. आपण केलेल्या कृत्याची नोंद पुढच्यांनी चुकीची करू नये, एवढीच त्याची निकड असते. वासुदेव चापेकर, महादेव रानडे व बाळकृष्ण चापेकर हे १८९९ च्या मे महिन्यात याच कारागृहात फासावर गेले. त्यांच्या हातचे असे लेखन मागे राहिलेले नाही, म्हणून या प्रकरणाचे वाङ्मयीन रूप एकट्या दामोदरांच्या आवाजात उरले आहे. लिहिणारा मागे राहतो आणि न लिहिणारा त्याच्या सावलीत जातो, हा इतिहासलेखनातील पक्षपात येथे ठळकपणे दिसतो.

मोहनदास करमचंद गांधी यांना १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबाद येथे राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची साधी कैद झाली. शिक्षा देताना न्यायाधीश ब्रूमफील्ड याने टिळकांच्या १९०८ मधील शिक्षेचा दाखला दिला. आपले नाव टिळकांशी जोडले जाणे हा आपण सन्मान समजतो, असे गांधींनी उत्तर दिले. त्यानंतर लवकरच त्यांना येरवड्यास आणण्यात आले. जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छाच्या विकारामुळे त्यांच्यावर पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली व ५ फेब्रुवारी १९२४ रोजी त्यांची सुटका झाली. या सुमारे बावीस महिन्यांत त्यांनी आखीव कार्यक्रमाने अभ्यास केला. सूत कातणे, उर्दू व तमिळ यांचे अध्ययन आणि सुमारे दीडशे ग्रंथांचे वाचन असा त्यांचा क्रम होता. उपनिषदे, कुराण, महाभारत, वेल्सचा जगाचा इतिहास, गटेचे ‘फाउस्ट’, किपलिंग अशी त्यांच्या वाचनाची व्याप्ती होती. एडवर्ड गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा विस्तीर्ण इतिहासही त्यांनी याच काळात वाचला.

सुटकेनंतर १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिलेल्या तुरुंगानुभवांच्या लेखमालेत गांधींनी गिबन व महाभारत यांची तुलना केली आहे. ती येरवड्याच्या वाङ्मयातील कालविचाराचा गाभा म्हणता येईल. गिबनने घटनांचा प्रचंड साठा निवडून मांडला, वाचकाने त्यावरून आपले अनुमान काढावे. महाभारतकाराला मात्र नावे, तिथी, स्थळे यांची पर्वा नाही. सत्प्रवृत्ती व दुष्प्रवृत्ती यांचा अखंड झगडा त्याला सांगावयाचा आहे. जे नित्य आहे ते घटनांच्या इतिहासकाराच्या हातून निसटते आणि सत्य हे इतिहासाच्या पलीकडचे असते, असा गांधींचा निर्वाळा होता. टिळक आणि गांधी यांच्यातील भेद येथे जितका उघड होतो, तितका तो त्यांच्या राजकीय मतभेदांतही होत नाही. दोघांनी प्राचीन भारतीय ग्रंथ तुरुंगात वाचले. टिळकांनी ऋचेत कालनिर्देश शोधला, तर गांधींनी महाकाव्यातून काल वजा केला. गीतेच्या बाबतीतही हेच घडले. युद्धभूमी टिळकांना कर्तव्याच्या निर्णयाचा प्रत्यक्ष प्रसंग वाटली, गांधींना ती मनुष्याच्या अंतःकरणातील रूपक वाटली. गिबनविषयीच्या निवाड्यात गांधींनी इतिहासकारावर थोडा अन्याय केला आहे, असे वाटते. कारण गिबनची निवडही तटस्थ नाही व धर्मसंस्थेविषयीचा त्याचा उपरोध पानोपानी डोकावतो. घटनांचा संग्रह करणाराही आपले चित्र काढीतच असतो.

इतिहासाविषयी असा निवाडा देणाऱ्या गांधींनी येरवड्यातच स्वतः एक इतिहास लिहावयास घेतला, हा योगायोग गमतीचा आहे. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासाचे कथन सुरू केले व सहबंदी इंदुलाल याज्ञिक यांनी ते लिहून घेतले. उरलेला भाग सुटकेनंतर पुरा झाला. १९०६ ते १९१४ या काळातील घडामोडी, हजारो लोकांच्या नावांनी व तपशिलांनी भरलेल्या, हाताशी आधारग्रंथ नसताना केवळ स्मरणावर रचण्यात आल्या. साधनांच्या अभावी हा नियमबद्ध इतिहास नव्हे, सध्याच्या लढ्यास उपयोगी पडावा व भावी इतिहासकारास मार्गदर्शक व्हावा एवढाच हेतू आहे, असे त्यांनी प्रस्तावनेत म्हटले आहे. ग्रंथाचे गुणदोष दोन्ही याच परिस्थितीतून आले. दक्षिण आफ्रिकेतील घटना १९२२ मध्ये मागे घेतलेल्या असहकाराच्या प्रकाशात निवडल्या गेल्या. सत्याग्रहाची माघार व त्याची शुद्धी यांवरील भर हा त्या निवडीचा परिणाम दिसतो. भूतकाळाचे हे चित्र रंगविताना चित्रकाराची नजर वर्तमानावर होती.

आत्मकथेचा इतिहासही येरवड्याशी निगडित आहे. ती लिहिण्याचा आरंभ गांधींनी १९२१ मध्येच केला होता, परंतु मुंबईतील दंगलींमुळे काम थांबले. येरवड्यात सहबंदी जयरामदास दौलतराम यांनी ती पुरी करण्याचा आग्रह धरला. अभ्यासाचा ठरविलेला क्रम संपल्याखेरीज ते शक्य नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. पूर्ण शिक्षा भोगली असती तर शेवटच्या वर्षात आत्मकथा तेथेच लिहून झाली असती, असे गांधींनी प्रास्ताविकात म्हटले आहे. प्रत्यक्षात ती २९ नोव्हेंबर १९२५ पासून ‘नवजीवन’ साप्ताहिकात प्रकरणशः आली. मराठीत तिचा अनुवाद सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पा पटवर्धन यांनी ‘सत्याचे प्रयोग’ या नावाने केला. पुढे हेच अप्पा पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू देण्याच्या मागणीसाठी उपोषणास बसले, तेव्हा त्यांना पाठिंबा म्हणून ३ डिसेंबर १९३२ रोजी येरवड्यात गांधींनीही उपवास आरंभिला. लेखक आणि भाषांतरकार यांचे असे नाते वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच आढळेल.

मिठाच्या सत्याग्रहातील अटकेनंतर गांधी ५ मे १९३० पासून २६ जानेवारी १९३१ पर्यंत पुन्हा येरवड्यात होते. काही काळ काका कालेलकर त्यांच्या सोबतीस होते. या वेळी साबरमतीच्या आश्रमवासीयांना दर मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर ते एक पत्र लिहीत व त्यात एकेका व्रताचे विवरण करीत. त्यावरून या पत्रांच्या संग्रहाला ‘मंगल प्रभात’ हे नाव पडले. पत्राच्या स्थळाच्या जागी ते ‘येरवडा मंदिर’ असे लिहीत. सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य, अस्वाद, अस्तेय, अपरिग्रह, अभय, अस्पृश्यतानिवारण, शरीरश्रम, सर्वधर्मसमभाव, नम्रता असा त्याचा क्रम आहे. आश्रमाच्या प्रार्थनेत मोठ्याने वाचले जावे या बेताने प्रत्येक पत्राची लांबी आपोआप ठरली. गांधींच्या इतर लेखनातील वादविवादाचा आवेश येथे नाही. वाक्ये लहान आहेत व पुढील मंगळवारची खात्री त्यांत भरलेली आहे. एक व्रत मात्र सुटले. स्वदेशीविषयी लिहावयाचे, तर राजकारणाला स्पर्श केल्याविना गत्यंतर नाही आणि कैद्याने तसे करणे योग्य नाही, म्हणून त्यावरील लेख त्यांनी सुटकेनंतर लिहिला. तुरुंगाधिकाऱ्याच्या कात्रीपेक्षा लेखकाने स्वतःच लावून घेतलेली ही कात्री त्याच्याविषयी अधिक सांगते. गीतेच्या अध्यायांवरील पत्रे व आश्रमभजनावलीतील पदांचे मीराबेनसाठी केलेले इंग्रजी भाषांतर हीही याच काळातील होत. ‘येरवडा चक्र’ या नावाने ओळखला जाणारा, पेटीत मिटवून नेता येणारा चरखा हे या बंदिवासाचे आणखी एक फळ. तोही एका अर्थी रचनाच होय. दिवसाचे तास सुताच्या लांबीत मोजण्याची सवय त्याने देशभर नेली.

सर्वाधिक वादग्रस्त ठरलेले लेखन १९३२ च्या सप्टेंबरमधील घटनांभोवती निर्माण झाले. जातीय निवाड्याने दलितांना दिलेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधींनी २० सप्टेंबर रोजी येरवड्यात आमरण उपोषण सुरू केले. कारागृहाच्या आवारातील आंब्याच्या झाडाखाली वाटाघाटी झाल्या; डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे येऊन गांधींशी बोलले. २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. निवाड्यातील ७१ जागांऐवजी दलितांना प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, मात्र मतदारसंघ संयुक्त राहिले. २६ सप्टेंबर रोजी रवींद्रनाथ टागोरांच्या उपस्थितीत उपोषण सुटले. या सात दिवसांची दोन चित्रे वाङ्मयात उरली आहेत. प्यारेलाल यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या ग्रंथाचे नावच ‘द एपिक फास्ट’ असे आहे. त्यात घटना महाकाव्याच्या पातळीवर उचलली गेली असून एक तपस्वी देह समाजाचे प्रायश्चित्त घेतो, अशी तिची मांडणी आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तेच दिवस दडपणाचे ठरतात. एका माणसाच्या प्राणांचे ओझे ज्यांच्यावर लादले गेले, त्यांच्या बाजूने ते पाहिलेले आहेत आणि पुराव्यादाखल मतदानाचे आकडे व निवडणुकांचे निकाल जोडलेले आहेत. पहिला ग्रंथ आठवड्याचा काळ ताणून त्याला युगाचे परिमाण देतो. दुसरा त्या आठवड्याला पुढील तेरा वर्षांच्या परिणामांनी मोजतो. एक शिष्य आणि एक प्रतिपक्षी यांच्या प्रतिमा या कृतींत स्वच्छ उमटल्या आहेत. महाराष्ट्रात अनेक दशके पहिले चित्रच पाठ्यपुस्तकांतून शिकविले गेले. दलित चळवळ व दलित साहित्य यांच्या उदयानंतर दुसऱ्याला त्याचे स्थान मिळू लागले, व ते न्यायाचे झाले. निव्वळ पुराव्याच्या दृष्टीने पाहता आंबेडकरांचा ग्रंथ अधिक भरीव आहे. त्या दिवसांतील भावनेचा ताण मात्र प्यारेलाल यांच्याकडूनच कळतो.

या दोहोंहून निराळे साधन म्हणजे महादेवभाई देसाई यांची दैनंदिनी. मार्च १९३२ मध्ये त्यांना गांधी व वल्लभभाई पटेल यांच्या सोबतीस येरवड्यात आणण्यात आले. रद्दी कागदांची पाकिटे करणारे, उतारवयात संस्कृत शिकू लागलेले, आपल्या कोरड्या विनोदाने गंभीर चर्चेतील हवा काढून घेणारे वल्लभभाई या पानांत भेटतात. गांधींनी या काळात खगोलशास्त्राची पुस्तके वाचून रात्री तारे ओळखण्याचा छंद लावून घेतला होता, तोही या काळच्या लेखनातून कळतो. टिळकांनी ज्या नक्षत्रांवरून वेदांचे वय काढले, तीच नक्षत्रे गांधी केवळ विस्मयासाठी पाहत होते. महादेवभाईंची लेखनशैली पाहता निर्मात्याचे प्रतिबिंब कृतीत पडते या नियमाला ती अपवाद वाटते. कारण ते स्वतःविषयी जवळजवळ काहीच लिहीत नाहीत. परंतु हा संयमच त्यांची ओळख आहे. पुणे करारापूर्वीच्या दिवसांची नोंद करणारा या दैनंदिनीचा खंड नरहरी परीख यांनी संपादिला.

८ मे १९३३ रोजी गांधींनी आत्मशुद्धीसाठी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. त्याच दिवशी त्यांची सुटका झाली व ते प्रेमलीला ठाकरसी यांच्या येरवड्यातील ‘पर्णकुटी’ या बंगल्यात राहिले. तत्पूर्वी ११ फेब्रुवारी १९३३ पासून ‘हरिजन’ हे साप्ताहिक पुण्याहून निघू लागले होते. तुरुंगातून चालविलेल्या वृत्तपत्राचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

९ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’ ठरावानंतर गांधींना अटक झाली. या खेपेस त्यांना कारागृहात न ठेवता नगर रस्त्यावरील आगाखान राजवाड्यात ठेवण्यात आले. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधलेला हा प्रशस्त कमानींचा वाडा तारेच्या कुंपणाने वेढण्यात आला. कस्तुरबा, सरोजिनी नायडू, मीराबेन, प्यारेलाल, डॉ. सुशीला नायर आणि महादेवभाई तेथे होते. अटकेनंतर सहाव्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, महादेवभाई हृदयविकाराने मरण पावले व आवारातच त्यांचे दहन झाले. त्या जागी बांधलेल्या समाधीवर गांधी रोज फुले वाहून गीतेच्या बाराव्या अध्यायाचे पठन करीत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबांचे निधन झाले आणि तिची समाधी शेजारी झाली. दैनंदिनी लिहिणारा गेल्यामुळे या बंदिवासाची नोंद ठेवण्याचे काम सुशीला नायर यांच्याकडे आले. त्यांची रोजनिशी वैद्याची आहे. नाडी, ताप, झोप, आहार यांच्या नोंदींतून काळ सरकत जातो. ७४ वर्षांच्या पत्नीला गांधी भूगोल शिकवीत आहेत आणि ती नावे विसरत आहे, हा प्रसंग त्यांनी ज्या साधेपणाने टिपला आहे, त्याला तोड नाही.

१५ ऑगस्ट ही तारीख या राजवाड्यात पाच वर्षे केवळ शोकाची होती. १९४७ नंतर ती राष्ट्राची झाली आणि महादेवभाईंचा स्मृतिदिन तिच्या झगमगाटात लोपला. आगाखान घराण्याने १९६९ मध्ये ही वास्तू गांधींच्या स्मारकासाठी दिली. तेथील दालनांत स्थानबद्धतेच्या काळातील वस्तू जपलेल्या आहेत. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटातील प्रसंगांचे चित्रण तेथेच झाले. तो चित्रपट पाहून येणाऱ्या प्रेक्षकाला खोल्यांतील शांतता अपुरी वाटते. पडद्यावरील मृत्यू संगीतासह घडलेला असतो. येरवडा कारागृहातही २६ जानेवारी २०२१ पासून शासनाने कारागृह पर्यटनाचा उपक्रम सुरू केला. टिळक व गांधी यांच्या कोठड्या आणि पुणे कराराचे स्थान त्यात दाखविण्यात येते.

राजवाड्यातील मुक्कामात गांधींनी एकच पुस्तक लिहिले. ते राजकारणाविषयी नाही, काळाविषयीही नाही. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी आरोग्यावर एक लेखमाला लिहिली होती. २८ ऑगस्ट १९४२ रोजी, महादेवभाईंच्या मृत्यूनंतर तेरा दिवसांनी, त्यांनी तोच विषय पुन्हा हाती घेतला व हवा, पाणी, अन्न, माती, सूर्यप्रकाश यांवरील छोटी प्रकरणे १८ डिसेंबर रोजी संपविली. जुने पुस्तक त्यांच्यापुढे नव्हते. ‘आरोग्याची चावी’ हे नाव दिलेले ते लेखन १९४८ मध्ये छापून निघाले.